खुंटापुरता मेहल नको

नासपतीच्या लागवडीवरील माहितीपत्रकांत हिमालयातील रान नासपतीच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते: ‘खुंटासाठी कैंथाची रोपे वापरावीत.’ हे वाक्य चुकीचे नाही. पंजाबच्या मैदानापासून हिमाचल प्रदेश व उत्तराखंडच्या डोंगरउतारांपर्यंत नासपतीची असंख्य कलमी झाडे याच रानझाडाच्या मुळांवर उभी आहेत. परंतु त्या एका वाक्याने या झाडाकडे पाहण्याची दृष्टीही तेवढीच अरुंद करून ठेवली आहे. जे रोप कलमाखाली जाते ते उपयोगी आणि जे झाड बांधावर तसेच उभे राहते ते अडगळ, अशी समजूत त्यातून रूढ झाली. कीटकशास्त्राच्या अंगाने ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. कारण हे झाड जमिनीखाली जेवढे काम करते, त्याच्या तोडीचे काम ते जमिनीवर, आपल्या फुलांतून आणि फांद्यांतून करीत असते. आणि ते काम कलम करताच थांबते.

झाडाची ओळख

या झाडाचे शास्त्रीय नाव पायरस पाशिया. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी नेपाळमध्ये केलेल्या संग्रहाच्या आधारे डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कुमाऊँत त्याला मेहल म्हणतात, गढवालात मेलू, हिमाचलात कैंथ किंवा शेगल, तर नेपाळीत मयल. हिमालयाच्या रांगेने ते पश्चिमेकडून थेट ईशान्य भारतापर्यंत आणि पुढे म्यानमार व चीनच्या युन्नान प्रांतापर्यंत आढळते. समुद्रसपाटीपासून साधारणपणे ७५० ते २,७०० मीटर उंचीचा पट्टा हे त्याचे घर. ओक आणि चीडच्या जंगलांच्या कडा, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे बांध, पडीक उतार आणि पायवाटांच्या बाजू अशा ठिकाणी ते आपोआप उगवते.

झाड मध्यम उंचीचे, पानझडी आणि काटेरी असते. लहान रोपांची पाने खंडित असतात, पुढे ती अंडाकृती व बारीक दातेरी होतात. मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या बरोबरीने किंवा किंचित आधी पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात; त्यांतील तांबूस-जांभळे परागकोश दुरूनही डोळ्यांत भरतात. फळे सुपारीएवढी, तपकिरी आणि फिकट ठिपक्यांची असतात. कच्ची असताना ती इतकी तुरट असतात की घशाखाली उतरत नाहीत. मात्र शरदाच्या अखेरीस काळी व मऊ पडल्यावर गोड लागतात. डोंगरातील मुले, पाखरे आणि रानातील प्राणी त्यांची वाट पाहतात. पाला गुरांना जातो. लाकूड कठीण असल्याने काठ्या व अवजारांचे दांडे त्यापासून करतात. एवढे उपयोग असूनही या झाडाची गणना कोणत्याही पिकात होत नाही, आणि ज्याची गणना होत नाही ते सर्वांत आधी तोडले जाते.

एका जातीची बाग आणि परागाचा प्रश्न

नासपतीच्या बागेत भरघोस फुलोरा येऊनही फळधारणा कमी राहिली, की दोष बहुधा खताला किंवा हवामानाला दिला जातो. पुष्कळदा कारण अधिक साधे असते. नासपतीच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागावर पुरेशी फळे धरीत नाहीत. फुलातील स्त्रीकेसर स्वतःच्या जातीचा पराग ओळखतो आणि त्याच्या नळीची वाढ मध्येच रोखतो. कलमाने वाढवलेल्या एका जातीची शंभर झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड असतात. म्हणून त्यांचा पराग एकमेकांना फारसा उपयोगी पडत नाही. दुसऱ्या जातीचा, त्याच सुमारास फुलणारा परागदाता बागेत असावा लागतो.

बियांपासून उगवलेला प्रत्येक मेहल वेगळा असतो. बांधावर पाच मेहल असतील तर पाच प्रकारचा पराग उपलब्ध असतो. फुलोरा जुळला, तर ही विविधता कलमी बागेला फुकट मिळणारे साधन ठरते. उंची, उताराची दिशा आणि जातीनुसार फुलण्याचे दिवस पुढेमागे होतात. म्हणून कोणत्या बांधावरचा कोणता मेहल बागेतील जातीबरोबर फुलतो, याची नोंद दोन-तीन वर्षे ठेवणे हा या कामाचा पहिला धडा आहे. त्याला वही आणि पेन्सिल यापलीकडे काही लागत नाही.

येथे शेतकऱ्यांची एक शंका हमखास येते: रानातला पराग लागला तर फळ तुरट होणार नाही का? होणार नाही. नासपतीचा गर मातृवृक्षाच्या ऊतींपासून बनतो. परागाचा वारसा उतरतो तो बियांत. पत्थरनाखच्या फुलाला मेहलाचा पराग लागला, तरी गर पत्थरनाखचाच राहतो आणि फक्त बी संकरित होते. याची दुसरी बाजू मात्र लक्षात ठेवावी. बागेला लागून असलेल्या मेहलाचे बीही संकरित असू शकते. म्हणून खुंटासाठी बी गोळा करायचे ते कलमी बागांपासून दूर असलेल्या झाडांचे असावे.

मधमाशी नासपतीवर का टिकत नाही

पराग उपलब्ध असणे एक आणि तो योग्य फुलावर पोचणे दुसरे. नासपतीच्या फुलातील मधुरसात साखरेचे प्रमाण कमी असते. त्यामुळे मधमाश्या तिच्याकडे मुख्यतः परागासाठी येतात, आणि शेजारी मोहरी किंवा इतर गोड मधुरसाचे पीक फुललेले असेल तर तिकडे वळतात. नासपतीच्या फुलाच्या विशिष्ट वासाने मात्र अनेक प्रकारच्या माश्या आकृष्ट होतात. सिरफिड माश्या त्यांत महत्त्वाच्या. थंड, ढगाळ सकाळी सातेरी मधमाश्या इटालियन मधमाश्यांपेक्षा लवकर कामाला लागतात. मार्चमधील डोंगरी हवामानात या सवयीचे मोल मोठे असते.

हे कीटक केवळ फुलोऱ्याच्या पंधरवड्यात जगत नाहीत. त्यांना वर्षभर काही ना काही फुललेले लागते. कुमाऊँ-गढवालच्या उतारांवर हा क्रम निसर्गाने बांधून दिला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पद्म फुलतो, वसंताच्या आरंभी मोहरी आणि बुरांश फुलतात, मार्च-एप्रिलमध्ये मेहल आणि त्यामागून किलमोडा. या साखळीतील एक कडी निखळली, की पुढच्या कडीपर्यंत पोचणाऱ्या कीटकांची संख्या घटते. मेहल तोडणारा शेतकरी एक झाड तोडतो. त्याच्या बागेला मात्र वसंतातील एक जेवणावळ बंद झाल्याचा तोटा होतो.

उत्तराखंड आणि हिमाचलमधील जुन्या दगडी घरांच्या भिंतींत सातेरी मधमाश्यांसाठी कोनाडे ठेवण्याची रीत होती. १९८० च्या सुमारास पसरलेल्या थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने या मधमाशीला मोठा फटका बसला. नव्या सिमेंटच्या घरांत असे कोनाडे राहिले नाहीत. आता फुलोऱ्याच्या काळात मधपेट्या भाड्याने आणणे हिमाचलच्या सफरचंद पट्ट्यात नित्याचे झाले आहे. पेटी भाड्याने आणण्यात गैर काही नाही. परंतु बांधावर फुकट चालणारी व्यवस्था मोडायची आणि तिच्या जागी दरवर्षीचा खर्च बसवायचा, याला प्रगती म्हणता येणार नाही.

ही घसरण कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण नासपतीच्याच पिकात आहे. चीनच्या सिचुआन प्रांतातील हानयुआन भागात शेतकरी नासपतीच्या झाडांवर चढून पिसांच्या किंवा तशाच मऊ झुबक्यांनी फुलाफुलाला हाताने पराग लावतात. या प्रकाराचे वर्णन जगभर ‘मधमाश्या संपल्या म्हणून’ असे केले जाते. ते अपुरे आहे. बाजाराला प्रिय असलेल्या जातींचीच लागवड वाढत गेल्याने परागदाती झाडे विरळ झाली, आणि फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशके वापरली जात असल्याने मधपाळ तेथे पेट्या नेण्यास तयार होईनात. दोन्ही कारणे माणसाने निर्माण केलेली होती. मजुरी स्वस्त होती तोवर हाताने परागीभवन परवडले. मजुरी वाढू लागताच त्या शेतीचा पायाच डळमळला. भारतीय हिमालयातील बागांवर ती वेळ आलेली नाही. परंतु एकाच जातीचा आग्रह, बांध साफ ठेवण्याची हौस आणि फुलोऱ्यातील फवारणी या तिन्ही सवयी येथेही दिसतात.

‘रानझाड म्हणजे किडीचे कोठार’ हा आक्षेप

मेहल तोडण्याच्या बाजूने सर्वांत जोरकस युक्तिवाद किडींचा असतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सॅन होजे खवले कीड सफरचंद व नासपतीप्रमाणे रान नासपतीवरही जगते. तंबू अळीचे पतंग अशा झाडांच्या कोवळ्या काड्यांभोवती अंड्यांची वळी घालतात. वसंतात अळ्या बाहेर पडतात, फांदीच्या बेचक्यात रेशमी जाळे विणतात आणि पाने फस्त करतात. पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघणारे भुंगेरे रात्री पाने खातात. तांबेरा वर्गातील एक बुरशी तर आपले अर्धे आयुष्य मेहलाच्या पानांवर आणि अर्धे हिमालयीन सुरूवर काढते. म्हणजे कोठार आहे, हे खरे.

परंतु त्या कोठारात केवळ कीड नसते. सॅन होजे खवल्यांवर जगणारा चिलोकोरस इन्फर्नालिस हा ढालकिडा आणि त्या खवल्यांत अंडी घालणारी एन्कार्सिया पर्निसिओसी ही सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी यांना जगण्यासाठी थोडी कीड सतत लागते. कलमी बागेत हिवाळ्याअखेर तेलाची फवारणी झाली की तेथे कीड संपते आणि तिचे शत्रूही उपाशी पडतात. फवारणी न झालेल्या रानझाडावर ते तग धरतात आणि कीड पुन्हा वाढू लागताच बागेत उतरू शकतात. सिरफिड माशीचे जीवनचक्र तर दोन्ही गरजा एकत्र बांधते: प्रौढ माशीला पराग आणि मधुरस लागतो, तिची अळी मावा खाते. ज्या बांधावर फूल नाही, त्या बागेत माव्याचा हा शत्रू टिकणार कसा?

तेव्हा निष्कर्ष ‘सर्व मेहल राखा’ असाही नाही आणि ‘सर्व तोडा’ असाही नाही. राखलेल्या मेहलावर नजर ठेवायची, असा तो आहे. हिवाळ्यात पाने गळाल्यावर काड्यांवरील अंड्यांची वळी स्पष्ट दिसतात. ती काड्यांसह कापून जाळावीत. वसंतात तंबू दिसताच अळ्या आत जमलेल्या असताना फांदीसह काढून नष्ट करावा. भुंगेऱ्यांच्या दिवसांत अंधार पडल्यावर फांद्या हलवून खाली अंथरलेल्या चादरीवर ते पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम गावाने एकत्र केले तरच परिणाम दिसतो. खवल्यांनी राखाडी झालेली फांदी छाटावी, परंतु छाटण्यापूर्वी भिंगातून पाहावे. खवल्यांना बारीक गोल छिद्रे दिसली, तर परजीवी कीटक आपले काम करून बाहेर पडले आहेत असे समजावे आणि अशी फांदी राखावी. रानझाडावर रासायनिक फवारणी करू नये. कलमी बागेतही फुलोरा सुरू झाल्यापासून पाकळ्या गळून पडेपर्यंत कीटकनाशकाला हात लावू नये.

खुंट म्हणून मोल आणि मर्यादा

खुंट म्हणून मेहलाचे गुण सर्वज्ञात आहेत. सोटमूळ खोल जाते, त्यामुळे कोरडवाहू, दगडगोट्यांच्या उतारावर झाड तग धरते. पत्थरनाख, बग्गूगोशा यांसारख्या जातींशी त्याचे चांगले जुळते. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तंतुमुळे कमी असल्याने उपटून लावलेली रोपे मरण्याचे प्रमाण जास्त असते. झाडे मोठी होतात व फळावर उशिरा येतात. रोपे बियांची असल्याने बागेत एकसारखेपणा येत नाही.

घन लागवडीचा विचार करणाऱ्या बागायतदाराला म्हणूनच क्विन्ससारखे बुटके किंवा शाखीय पद्धतीने वाढवलेले खुंट आकर्षक वाटतात. जेथे सिंचन, आधाराच्या तारा, काटेकोर छाटणी आणि भांडवल आहे, तेथे ते योग्यही आहेत. परंतु क्विन्सची मुळे उथळ असतात आणि बार्टलेटसारख्या काही जातींशी त्याचे थेट जुळत नाही. मध्ये दुसऱ्या जातीचा तुकडा घालावा लागतो. पावसावर अवलंबून असलेल्या छोट्या डोंगरी शेतकऱ्याला ही पद्धत परवडत नाही. त्याला मेहलच हवा. शाखीय खुंटांच्या प्रसारात मेहलाच्या निवडीचे काम मागे पडले, तर सर्वाधिक नुकसान याच शेतकऱ्याचे होईल. आणि निवड करण्यासाठी आधी झाडे उभी असावी लागतात.

बी ते रोप

मेहलाचे रोप तयार करणे अवघड नाही, मात्र त्याला घाई चालत नाही. निरोगी, जोमदार, खवले व लोकरी मावा नसलेली मातृवृक्ष-झाडे उन्हाळ्यातच हेरून खुणा करून ठेवावीत. ऑक्टोबरपासून, उंचीनुसार डिसेंबरपर्यंत, फळे तपकिरी होऊन मऊ पडू लागली की गोळा करावीत. ढीग करून ती आणखी मऊ होऊ द्यावीत, पाण्यात कुस्करून बी वेगळे करावे. तरंगणारे बी पोकळ असते, ते टाकून द्यावे. बुडालेले बी धुऊन सावलीत सुकवावे.

ताजे बी तसेच पेरले तर उगवत नाही, कारण त्याला थंडीचा काळ पार करावा लागतो. डोंगरात डिसेंबरमध्येच गादीवाफ्यावर पेरून वर पाल्याचे आच्छादन दिले, तर हे काम हिवाळा स्वतः करतो. उंदरांपासून राखण मात्र हवी. मैदानात किंवा खात्रीची उगवण हवी असेल तेथे ओलसर वाळूच्या थरांत बी घालून ते ३ ते ५ अंश सेल्सिअस तापमानाला महिना ते दोन महिने ठेवावे. वाळू मुठीत दाबल्यास गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल असावी. दर आठवड्याला बुरशी तपासावी. बियांतून पांढरे अंकुर डोकावू लागताच वाफ्यावर दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरावे.

यापुढचा मार्ग हेतूवर अवलंबून आहे. रोप खुंटासाठी हवे असेल, तर ते लहान असतानाच स्थलांतर करून सोटमुळाचे टोक खुडावे, म्हणजे बाजूची मुळे वाढतात. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की हिवाळ्यात झाड सुप्त असताना जिव्हा कलम करावे किंवा उन्हाळ्यात डोळा भरावा. याउलट, बांधावर राखण्यासाठी मेहल हवा असेल, तर थंडी दिलेले दोन-तीन बी जागेवरच टोकावे आणि पुढे सर्वांत जोमदार रोप ठेवावे. सोटमूळ न दुखावलेले झाड दुष्काळात अधिक तग धरते. पहिली तीन वर्षे गुरे व शेळ्यांपासून काटेरी कुंपणाने जपले की पुढे ते स्वतःचे काटे वापरते.

बी गोळा करतानाही हा भेद पाळावा. खुंटाच्या रोपवाटिकेला एकसारखेपणा हवा असतो. म्हणून निवडक, पारखलेल्या मातृवृक्षांचेच बी घ्यावे. बांधावरील लागवडीसाठी विविधता हवी असते. तेथे निरनिराळ्या उतारांवरील दहा-पंधरा झाडांचे बी मिसळणे हिताचे. आणि कोणत्याही झाडाची सगळी फळे उतरवू नयेत. पाखरे आणि प्राणी बी पसरवतात. रानात नवी रोपे उगवण्याचा तोच मार्ग आहे.

एक फांदी राखावी

डोंगरात उभ्या मेहलावर जागच्या जागी नासपतीचे कलम बांधण्याची पद्धत जुनी आहे आणि ती उपयुक्तही आहे. तयार मुळांवर बसलेले कलम लवकर जोम धरते. परंतु अलीकडे शिबिरांतून ‘गावातील सर्व रान नासपतीवर कलमे करा’ अशी सरसकट शिफारस केली जाते. ती बदलायला हवी.

शिफारस दोन वाक्यांची असावी. पहिले: गावातील आणि बांधावरील मेहलांपैकी निदान चौथा हिस्सा कलम न करता राखावा, आणि ही झाडे एका कोपऱ्यात न ठेवता बागेच्या दोन-तीन ओळींच्या अंतरात विखुरलेली असावीत, कारण कीटक पराग बहुधा जवळच्याच झाडावर नेतात, आणि दूरच्या कड्यावरील मेहल परागासाठी फारसा उपयोगी नसतो. दुसरे: ज्या मेहलावर कलम बांधायचे, त्याची एक बाजूची फांदी तशीच सोडावी. ती दरवर्षी छाटून आटोक्यात ठेवावी लागते, नाहीतर ती कलमावर कुरघोडी करते. परंतु तेवढ्या श्रमात त्या झाडावरच परागाचा साठा आणि कीटकांचे जेवण तयार राहते. चौथा हिस्सा हे प्रमाण प्रत्येक ठिकाणी तंतोतंत लागू पडेल असे नाही. ते स्थानिक निरीक्षणाने कमी-जास्त करावे. शून्य मात्र होऊ देऊ नये.

मराठी वाचकाचा संबंध

मेहलाला हिवाळ्याची थंडी लागते. तो महाराष्ट्रात आणून लावावा, असे येथे सुचवायचे नाही. परंतु प्रश्न ओळखीचा आहे. नागपूरचा संत्रा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर उभा असतो, हापूसचे कलम रायवळ आंब्याच्या रोपावर बांधले जाते, बोरीच्या सुधारित जाती रानबोरीच्या मुळांवर वाढतात. या सर्व पिकांत रान किंवा गावठी झाडाची आठवण खुंट लागतो तेव्हाच होते. रायवळ आंबे तोडून मोकळ्या झालेल्या बांधांवर पुढच्या पिढीला कोयी कोठून मिळणार, हा प्रश्न कोकणात आणि मराठवाड्यात सारखाच आहे. हिमालयातील मेहलासंबंधी जो विचार करायचा, तोच आपापल्या तालुक्यात रानबोरीसंबंधी व रायवळासंबंधी करता येईल. डोंगराळ राज्यांत काम करणाऱ्या मराठी भाषक अधिकाऱ्यांना तर तो थेट लागू आहे.

विस्तार यंत्रणेकडून अपेक्षा

या कामाला मोठ्या योजनेची गरज नाही. विस्तार कार्यकर्त्याने आपल्या गावातील मेहलांची यादी करावी: झाड कोठे आहे, कधी फुलते, फळे केव्हा पिकतात, कोणत्या किडी दिसतात आणि त्यांचे कोणते शत्रू आढळतात. प्रगतिशील शेतकऱ्याने फुलोऱ्याच्या काळात रोज एकाच वेळी दहा मिनिटे एकाच फांदीसमोर उभे राहून किती व कोणते कीटक आले, हे लिहावे. मेहलाजवळच्या आणि मेहलापासून दूरच्या कलमी झाडांवरील फळधारणेची तुलना करावी. अशा नोंदी तीन-चार वर्षे साठल्या, की मेहल राखावा की तोडावा हा वाद मतांवर न राहता त्या गावाच्या आकड्यांवर ठरेल. उत्तम मातृवृक्ष सापडल्यास त्याची माहिती राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या भवाली येथील केंद्राला किंवा केंद्रीय समशीतोष्ण बागवानी संस्थेच्या मुक्तेश्वर येथील केंद्राला कळवावी.

रोपवाटिकांना परवाना देताना खुंटाचे बी कोणत्या झाडांचे आहे, हे विचारले जावे. आणि पुढील माहितीपत्रक छापताना त्या एका जुन्या वाक्याखाली आणखी एक वाक्य घालावे: ‘कैंथाची काही झाडे कलम न करता राखावीत.’ ते छापायला एक ओळ पुरते. त्यातून वाचणारे झाड मात्र पुढची अनेक वर्षे खुंटाला बी, बागेला पराग आणि किडींच्या शत्रूंना आसरा देत राहील.